गप्प बसणारे मूल शहाणेच असते का? बोर्डीच्या अंगणातून आपल्या घरापर्यंत आलेली गोष्ट



ओपीडीत एक वाक्य मी जवळजवळ रोज ऐकतो. "गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील!" मूल गप्प बसते आणि पालकांना हायसे वाटते. माझी मात्र पंचाईत होते. तीन-चार वर्षांच्या मुलाचे कुठे दुखते, कधीपासून दुखते, हे त्याच्याच तोंडून ऐकायचे असते आणि ते तोंड आता घट्ट मिटलेले असते.

आपल्याकडे गप्प बसणाऱ्या मुलाला 'गुणी' म्हणतात. जे बोलते ते 'आगाऊ', आणि जे जास्त प्रश्न विचारते त्याच्यासाठी 'लहान तोंडी मोठा घास' तयारच असतो. मुलगा रडला तर "पोरीसारखा रडतोस काय?" आणि मुलगी चिडली तर "मुलीच्या जातीला हे शोभतं का?" म्हणजे मुलाने रडायचे नाही, मुलीने रागवायचे नाही आणि दोघांनीही विचारायचे नाही. मग मनात साठलेले जाते कुठे? बऱ्याचदा ते पोटात जाते आणि पोटदुखी होऊन माझ्याकडे येते. त्याबद्दल पुढे सांगतोच.

'मुलाला बोलू द्या, त्याच्या भावना ओळखा' हे मोबाईलवरच्या व्हिडिओंमधून आलेले नवे खूळ आहे, असे बऱ्याच आजी-आजोबांना वाटते. खरे तर ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिचा मोठा भाग आपल्याच महाराष्ट्रात घडला आहे. आज तोच इतिहास थोडक्यात पाहू.

आधी जीव, मग मन

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी दोनशेच्या आसपास बाळे पहिला वाढदिवस पाहत नसत. देवी, पटकी, हगवण, धनुर्वात आणि वर दुष्काळ. ज्या घरात पाचातली दोन मुले जात, तिथे 'मूल जगले' हीच मोठी गोष्ट होती. त्याच्या मनात काय चालले आहे, हे विचारायला कोणाला सवड होती?

त्यामुळे मुलांसाठी झालेली सुरुवातीची कामे जीव वाचवण्याची होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. आपल्या करकंबच्या जवळच, पंढरपुरात, १८७५ मध्ये प्रार्थना समाजाने बालकाश्रम सुरू केला. टाकून दिलेल्या, कोणी नसलेल्या बाळांना तिथे आसरा मिळाला. आपल्या तालुक्याने अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे.

२०२० च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी १६ वर आले होते. लस, सलाईन, प्रतिजैविके, दवाखान्यातली बाळंतपणे या सगळ्यांचे हे यश आहे. मूल जगते आहे, म्हणून आता त्याच्या मनाकडे पाहण्याची उसंत आपल्याला मिळाली आहे. पण काही माणसांनी ही उसंत मिळण्याची वाट पाहिली नाही.

एक डॉक्टर बाई आणि रोमची वस्ती

माँटेसरी हे शाळेचे नाव म्हणून सगळ्यांना माहीत असते. मारिया माँटेसरी या डॉक्टर होत्या, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते. १८७० मध्ये इटलीत जन्मलेल्या या बाई १८९६ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या. मतिमंद ठरवलेल्या मुलांबरोबर त्यांनी आधी काम केले. मग ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातल्या सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत त्यांनी कामगारांच्या मुलांसाठी 'बालकांचे घर' उघडले.

त्यांची पद्धत डॉक्टरची होती, म्हणजे आधी निरीक्षण आणि मग उपचार. मुलांना शिकवण्याआधी त्यांनी मुलांकडे नुसते पाहिले. मूल मोकळे सोडले की ते नासत नाही, उलट स्वतःच्या आवडीचे काम निवडून त्यात रमते, असे त्यांना दिसले.

त्यांच्या शाळेत शांततेचा एक खेळ असे. सगळ्या मुलांनी अगदी हलायचे नाही, आवाज करायचा नाही, आणि मग दुरून हळू आवाजात आपले नाव कधी येते ते ऐकायचे. मुलांना हा खेळ फार आवडे. धाकाने बसवलेली शांतता आणि मुलाने आपणहून धरलेली शांतता यांत किती अंतर आहे, ते या खेळातून कळते. एकीत मूल आत दबलेले असते आणि दुसरीत ते कान टवकारून जागे असते.

मिशा असलेली आई

हा विचार आपल्याकडे आणला एका वकिलाने. गुजरातचे गिजुभाई बधेका यांना १९१३ मध्ये मुलगा झाला. याला शिकवायचे कसे, या काळजीतून ते माँटेसरींच्या पुस्तकांकडे वळले आणि वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले. तिथे १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. मुले त्यांच्या अंगाखांद्यावर खेळत. गुजरातेत लोक त्यांना प्रेमाने 'मुछाळी मा', म्हणजे मिशा असलेली आई म्हणू लागले.

त्या काळच्या शाळेत छडी, अंगठे धरणे, कोंबडा करणे हेच शिकवण्याचे साधन मानले जाई. अशा काळात मार नाही, भीती नाही आणि बक्षिसाचे आमिषही नाही अशी शाळा चालवणे हे मोठे धाडस होते. तिथे गोष्टी, गाणी, नाटक, चित्रे आणि मातीकाम असे. ही सगळी मुलाची 'बोलण्याची' साधने आहेत, हे लक्षात घ्या. चार वर्षांच्या मुलाला 'मला असुरक्षित वाटते' असे म्हणता येत नाही. पण ते घराचे चित्र काढून दार काळ्या रंगाने बंद करू शकते. बाहुलीला रागावून ते आपल्याला काय ऐकावे लागते ते दाखवू शकते.

ताराबाई मोडक : मराठीत आलेला बालविचार

भावनगरच्या या कामात १९२३ च्या सुमारास एक मराठी बाई सामील झाल्या. त्या म्हणजे ताराबाई मोडक. १८९२ मध्ये मुंबईत प्रार्थना समाजाच्या वातावरणातल्या घरात त्यांचा जन्म झाला. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. संसार मोडला, घटस्फोट झाला, आणि मुलीला घेऊन त्या काळात त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. राजकोटच्या बार्टन महिला महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची नोकरी सोडून त्या गिजुभाईंकडे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे 'शिक्षणपत्रिका' या मासिकातून हे विचार मराठी घरांत पोचले. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले.

त्यांच्या पुस्तकांची नावेच बघा : 'बालकांचा हट्ट', 'बालविकास व शिस्त', 'बिचारी बालके'. आजही माझ्याकडे येणाऱ्या पालकांचे प्रश्न हेच असतात. हट्ट करतो, शिस्त नाही, काय करावे? ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी एक बाई यावर मराठीत पुस्तके लिहीत होती.

मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाच्या अंगणात

१९३९ मध्ये माँटेसरी बाई स्वतः भारतात आल्या. पण त्यांची पद्धत शहरातल्या खात्यापित्या घरांपुरतीच राहील, अशी चिन्हे होती, कारण तिची साधने महाग होती. ताराबाईंना हे बोचत होते. १९४५ मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर, त्यांनी मुंबई सोडली आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. अशा मुलीने शिकून शिक्षिका व्हायचे, हेच त्या काळात नवल होते.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण गरीब आणि दलित वस्तीतली मुले येईनात. आई-बाप कामावर, धाकटे भावंड कडेवर, अंगावर कपडे नाहीत आणि गावाची भीती. यावर या दोघींनी सरळ उपाय केला. मूल येत नाही तर आपण जायचे. वस्तीतल्या एखाद्या घराच्या अंगणात जाऊन त्या बसल्या. मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या लाकडी साधनांच्या जागी शिंपले, चिंचोके, खडे, पाने आली. यातूनच 'अंगणवाडी' हा शब्द जन्माला आला.

पुढे १९५६-५७ च्या सुमारास हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये गेले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तेव्हा शिक्षक गुरांमागे कुरणात गेले. तिला 'कुरणशाळा' म्हणत. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते म्हणून शिकू शकत नाही, तेव्हा शाळेला जोडून पाळणाघर आले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छत्राखाली आणणाऱ्या या प्रयोगाचे नाव होते 'विकासवाडी'.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिले 'अंगणवाडी'. आज देशात जवळजवळ १४ लाख अंगणवाड्या आहेत. आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या पाटीवरचा शब्द बोर्डीच्या एका अंगणातून आला आहे.

डॉक्टर म्हणून मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. आजही आपण अंगणवाडीकडे खाऊ, वजन आणि लस एवढ्याच नजरेने पाहतो. ते तर हवेच. पण त्या दोघींच्या अंगणात आंघोळीइतकेच महत्त्व गाण्याला आणि गोष्टीला होते. पोषण आहाराने वजन वाढते, पण मुलाची बोलण्याची भीड चेपते ती गाण्या-गोष्टींत.

आपल्या भागात ऊसतोडीच्या हंगामात फडाशेजारच्या कोप्यांमध्ये राहणारी मुले पाहा. गाव सुटलेले, शाळा सुटलेली, आजी मागे राहिलेली. त्यातली काही मुले तपासताना एक शब्द बोलत नाहीत. अशा मुलांसाठी महाराष्ट्रात साखरशाळा निघाल्या, त्यामागेही तोच कुरणशाळेचा विचार आहे. मूल जिथे आहे तिथे आपण जायचे.

दवाखान्यातली फसवी शांतता

आता आमच्या धंद्याकडे वळतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधल्या बऱ्याच रुग्णालयांत मूल दाखल झाले की आई-वडिलांना आठवड्यातून एखाद-दोनदाच, तेही थोडा वेळ भेटू देत. आई आली की मूल रडते आणि गेली की आणखी रडते, म्हणून भेटच नको, असा हिशेब होता. पहिले काही दिवस मूल रडे, मग शांत होई. 'रुळले' असे सगळे म्हणत.

जेम्स रॉबर्टसन नावाच्या समाजसेवकाने ही शांतता नीट पाहिली. १९५२ मध्ये त्यांनी एका दोन वर्षांच्या मुलीच्या रुग्णालयातल्या आठ दिवसांचा चित्रपट काढला. मूल आधी आक्रोश करते, मग हताश होते आणि शेवटी आईपासून मनाने तुटते, असे तीन टप्पे त्यांनी आणि जॉन बोल्बी या मनोविकारतज्ज्ञांनी मांडले. ज्याला परिचारिका 'शहाणे झाले' म्हणत होत्या, ते मूल खरे तर आशा सोडून बसले होते. डॉक्टर मंडळी आधी चिडली, पण पुराव्यापुढे नमावे लागले. १९५९ च्या प्लॅट समितीने मुलांना भेटण्यावरचे निर्बंध काढावेत, लहान मुलांबरोबर आईला राहू द्यावे, अशी शिफारस केली.

आपल्याकडे मुलाच्या खाटेवर आई बसलेली असते, खाटेखाली आजीची पिशवी असते. गर्दीमुळे आम्ही कधीकधी वैतागतो. पण मुलाच्या मनासाठी तेच औषध आहे, हे विसरू नये.

सोमवारची पोटदुखी

आता सुरुवातीला म्हटलेल्या पोटदुखीबद्दल. १९५८ मध्ये इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिस्टॉल भागातल्या १,००० शाळकरी मुलांची पाहणी केली. सुमारे दहातल्या एका मुलाला वारंवार पोटदुखीचा त्रास होता. त्यातल्या बहुतेकांच्या पोटात कुठलाही आजार सापडला नाही. ॲप्लींनी आम्हा डॉक्टरांना एक सोपा नियम दिला. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितका आजार असण्याचा संशय जास्त.

पण नीट ऐका : आजार सापडला नाही म्हणजे मूल नाटक करते, असे मुळीच नाही. मेंदू आणि आतडे मज्जातंतूंनी जोडलेले आहेत. मोठ्या माणसाच्या पोटातही परीक्षेच्या वेळी गोळा येतोच ना? मुलाला खरेच दुखते. फक्त त्या दुखण्याचे मूळ सोमवारच्या गृहपाठात, नव्या शाळेत, घरातल्या भांडणात किंवा नव्याने आलेल्या भावंडात असू शकते. "तुला काही झालेलं नाही" असे म्हणणे म्हणजे त्याचा शेवटचा शब्दही काढून घेणे.

प्रत्येक मूल वेगळे का असते?

'हाताची पाच बोटे सारखी नसतात' आणि 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' या दोन्ही म्हणी शास्त्राला बऱ्याच अंशी धरून आहेत. न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने मुलांचा जन्मापासून वर्षानुवर्षे मागोवा घेतला. सुमारे ४० टक्के मुले सहज जुळवून घेणारी, १५ टक्के हळूहळू रुळणारी, १० टक्के तापट आणि बाकीची मिश्र स्वभावाची आढळली. त्यांचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. त्रास स्वभावामुळे होत नाही, तर मुलाचा स्वभाव आणि घराची अपेक्षा यांचा मेळ न बसल्यामुळे होतो. पाहुण्यांसमोर न बोलणारे मूल आजारी नाही. त्याला पाच मिनिटे आईच्या पदराआडून बघू द्या, ते आपणहून बाहेर येईल.

आणि हट्टाचे काय? राग, भीती उसळवणारे मेंदूचे भाग लवकर कामाला लागतात. त्यांना आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र साधारण पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. तीन वर्षांच्या मुलाच्या गाडीला इंजिन आहे, ब्रेक अजून बसायचे आहेत. तोवर ब्रेक तुम्ही आहात. भावनेला नाव दिले की ती थोडी निवते, असे २००७ मध्ये मोठ्या माणसांच्या मेंदूच्या स्कॅनमध्येही दिसले आहे.

घरी काय करता येईल?

- भावनेला मराठी नाव द्या. राग आला, भीती वाटली, वाईट वाटले, हेवा वाटला, लाज वाटली, कंटाळा आला. "खेळणं मोडलं म्हणून तुला वाईट वाटलं, हो ना?" एवढे पुरते.
- भावना मान्य करा, वागणे अडवा. "राग येऊ दे, पण मारायचं नाही." भावना समजून घेणे म्हणजे प्रत्येक हट्ट पुरवणे नव्हे.
- प्रश्न बदला. "शाळेत काय शिकवलं?" ऐवजी "आज मजा कधी आली? रडू कधी आलं?" असे विचारा. उत्तर येईपर्यंत मोबाईल खाली ठेवा.
- आपलीही भावना सांगा. "आज मी दमलोय, म्हणून चिडलो." वडिलांनी असे म्हटले की मुलगाही शिकतो.
- गोष्ट, चित्र, माती, बाहुली. गिजुभाईंची साधने आजही फुकट आहेत.
- तुलना बंद. "ताई बघ कशी!" या वाक्याने कोणीही ताईसारखे होत नाही. फक्त ताई नावडती होते.
- भीती घालू नका. बागुलबुवा, पोलीस आणि आम्ही डॉक्टर, सगळ्यांना यातून मोकळे करा. सुई असेल तर "थोडं दुखेल, मी जवळ आहे" असे खरे सांगा.

शाळेतल्या माराबद्दलही एक सांगतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. "दोन फटके द्या गुरुजी, माझी परवानगी आहे" असे म्हणण्याचा अधिकार पालकांनाही नाही.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- वर्षाचे होऊनही बाळ बडबड करत नाही, हाक मारली तर वळत नाही.
- दीड वर्षापर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही.
- येत असलेले बोलणे कोणत्याही वयात बंद झाले.
- नजरेला नजर देत नाही, आपल्यातच असते.
- पोटदुखीने झोपेतून उठते, वजन घटते, ताप, शौचातून रक्त, हिरवी उलटी, किंवा दुखणे बेंबीपासून दूर, विशेषतः उजव्या बाजूला खाली आहे. यात वाट पाहू नका.
- दोन-तीन आठवडे मूल खेळत नाही, हसत नाही, पुन्हा अंथरूण ओले करू लागले, एखाद्या माणसाला किंवा जागेला अचानक घाबरू लागले.

बोलायला उशीर होत असेल तर सर्वप्रथम कानांची तपासणी करा. 'याचे वडीलही उशिराच बोलले' म्हणून वर्ष वाया घालवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांची तपासणी करते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि तुमची शंका पथकातल्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा. पुढच्या तपासण्या आणि उपचार या कार्यक्रमात मोफत आहेत.

ताराबाई आणि अनुताईंकडे पैसा नव्हता, साधने नव्हती. त्या मुलाच्या उंचीला येऊन अंगणात खाली बसल्या, एवढेच. तेवढे आपल्या प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. आज रात्री जेवणानंतर दहा मिनिटे मुलाजवळ खाली बसा, आणि मधे न बोलता त्याचे ऐका.